गिटारची जवारी

आमच्या गल्लीत कुणी गात नसे. मिरजेबाहेरच्या माणसाला हे पटत नाही. तानपुरे आणि सतारी करणाऱ्यांची गल्ली म्हटल्यावर तिथं सकाळी सातपासून घराघरातून राग ऐकू येत असतील, असं त्याला वाटतं. ऐकू यायचं ते एवढंच: करवत, रंधा, कुणाचा तरी खोकला, आणि मग दिवसभर एक तार. सा. थोडा वेळ कानस. पुन्हा सा. गाणी गायची ती गिऱ्हाइकांनी, आम्ही फक्त सा लावून द्यायचो. घरात माणसांपेक्षा भोपळे जास्त. माडीवर भोपळे, जिन्यात भोपळे, माझ्या खाटेखाली भोपळे, आणि पाहुणे आले की आधी भोपळ्यांची सोय बघायची, मग पाहुण्यांची. चुलीवर एका बाजूला चहाचं भांडं आणि दुसऱ्या बाजूला चिकटवायचा सरस उकळायचा. अब्बांचा आणि अम्मीचा संसार चाळीस वर्षं टिकला, याचं मोठं कारण या दोन भांड्यांची कधी अदलाबदल झाली नाही हे आहे, असं माझं मत आहे. घरात आम्ही आमची मिरजेची हिंदी बोलायचो, शाळा मात्र मराठी. आता हे लिहायला बसले तर मराठीच सुचतं. म्हणून अब्बा दुकानात गिऱ्हाइकांशी जसं बोलायचे, तसंच मी त्यांना इथं बोलू दिलं आहे.

जवारी म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तानपुऱ्याच्या पोटावर हाडाची किंवा शिंगाची एक बुटकी घोडी असते, तारा तिच्यावर टेकतात. घोडीचा माथा सपाट ठेवला तर तार छेडल्यावर टुण् करते आणि गप्प बसते. कानशीनं त्या माथ्याला केसाएवढा उतार दिला, की तार घोडीला घासत घासत हलते आणि आवाज गुंजत, उमलत जातो. ती जवारी. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, मागंपुढं करत राहायचं, आणि एका जागी आला की जवारी उघडते. ती जागा कुठली, हे मोजून सांगता येत नाही. ते कानानंच कळतं. त्यामुळे भोपळा कुणीही कापायचा, रंग कुणीही द्यायचा, पण जवारी दुकानातल्या जाणत्या माणसानंच काढायची, तीसुद्धा आतल्या खोलीत, दार लावून. अब्बांची जवारी सांगली-मिरजेत नावाजलेली होती. दुकानाला पाटी नव्हती. लोक ‘दस्तगीर उस्तादांकडं’ असं विचारत यायचे.

आणि मी सतरा-अठराची असताना अब्बांचे कान गेले. एकदम नाही. आधी त्यांनी अम्मीच्या कुकरच्या सुरावर टीका करायची सोडली. पूर्वी शिट्टी झाली की बाहेरून ओरडायचे, “उतरलाय गं तुझा कुकर, काल चढा हुता.” मग जंक्शनमधून सुटणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्यांबद्दल बोलणं बंद झालं. मग एक दिवस एका बाईनं तानपुरा परत आणला, जवारी बसलेली होती, तार गुंजत नव्हती. दुसऱ्या दिवशी अब्बांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेर सांगितलं, पोरगी दिवा धरायला लागते. ते कानस चालवायचे, तार छेडायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी मान हलवायची किंवा नाही हलवायची. दोन-चार महिन्यांत कानस माझ्या हातात आली आणि दिवा त्यांच्या. यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. शेवटी ते तानपुऱ्याच्या दांडीवर दात टेकवायचे. हाडातून थोडंफार ऐकू यायचं त्यांना. बाहेर गिऱ्हाइकासमोरही ते तसंच करायचे आणि लोकांना वाटायचं ही घराण्याची रीत. पलीकडच्या दुकानातला एक तरणा कारागीर तर ते बघून स्वतः दांड्या चावायला लागला होता. त्याचे कान चांगले होते.

गल्लीत हे कळलं असतं तर दुकान महिन्यात बसलं असतं. बहिरा जवारीवाला म्हणजे आंधळा सोनार. आणि जवारी एक पोरगी काढते हे कळलं असतं तर त्याहून वाईट. मला त्या वेळी भीती होती ती एवढीच. बाकी मी खुशीत होते. आतल्या खोलीत माझ्या हाताखाली तार उमलायची तेव्हा मला जे वाटायचं, ते पुढं लग्नात किंवा मूल झालं तेव्हाही वाटलं नाही. हे माझ्या मुलाला माहीत आहे आणि त्यानं त्याबद्दल मला माफ केलं आहे.

अशात एके दुपारी धनाजी आला. धनाजी कराडला इंजिनिअरिंग शिकत होता, म्हणजे तिथल्या होस्टेलात राहत होता. गाव कृष्णाकाठचं, घरी ऊस, थोरला भाऊ फौजेत. भावानं सुट्टीवर येताना वडिलांसाठी कँटीनमधली रम आणायची सोडून, कुठल्याशा छावणीच्या गावातून धाकट्यासाठी जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली, म्हणून वडील थोरल्याशी बोलत नव्हते. धनाजीनं तीन मित्र जमवून रॉकचा बँड काढला होता. ती गिटार एसटीच्या टपावरून पडून तिची घोडी मोडली होती.

“चाचा, ह्याचा ब्रिज मोडलाय. उद्या सांगलीत रेकॉर्डिंग हाय आमचं.”

अब्बांनी गिटार घेतली, उलटी केली, टिचकी मारली.

“भोपळा कुठाय?”

“नसतो वो ह्याला.”

मी मागून मान हलवली. अब्बा माझ्याकडं बघूनच ऐकायचे.

“मग आवाज ऱ्हातो कुठं?”

“वायरीत.”

मी वायरीकडं बोट केलं. अब्बांनी वायर हातात घेऊन बघितली आणि खाली ठेवली. “फळी हाय ही,” ते म्हणाले. “फळीचं काम सुताराकडं न्यायचं, पोरा.”

“सुतार म्हणतोय खिळं मारतो,” धनाजी म्हणाला आणि त्यानं हातानं खिळे ठोकून दाखवले. ते अब्बांना दिसलं. वाद्यावर खिळा ठोकायची कल्पना त्यांना सोसवेना. त्यांनी गिटार ठेवून घेतली आणि संध्याकाळी यायला सांगितलं.

घोडी मी केली. उंटाच्या हाडाचा एक तुकडा शिल्लक होता, तो बरोबर बसला. आता चूक कुठं झाली ते सांगते. धनाजीला हवी होती सपाट घोडी. पण सपाट घोडी मी जन्मात केली नव्हती. माझ्या आज्यानं, पणज्यानंही केली नसावी. हाताला सवयच नव्हती. हाड समोर आलं आणि कानशीनं आपोआप उतार दिला, मी धागे सरकवले, सहाही तारा उघडल्या. अब्बांनी गिटारच्या मानेवर दात टेकवले, मी तारा छेडल्या, त्यांनी मान डोलावली. इतकं व्यवस्थित काम झालं की काही चुकलं असेल हे दोघांच्याही मनात आलं नाही. धनाजी आला, पिशवीत घालून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो मोटरसायकलवरून परत दारात. तोंड रडवेलं.

“चाचा, काय करून ठिवलंय हे? वायर लावली की मधमाश्या उठत्यात आतनं!”

अब्बांना शब्द ऐकू आले नाहीत, पण तक्रार कशी दिसते हे त्यांना पाठ होतं. त्याला घोडी सपाट हवी आहे, अशी मी बोटांनी खूण केली. त्यांचा चेहरा लाल झाला.

“सपाट घोडी ह्या दुकानातनं भाईर जात न्हाई.”

“पाया पडतो तुमच्या. रॉकची गिटार हाय ती, तानपुरा न्हवं! चौघांनी मिळून एकच दिवस धरलाय स्टुडिओ. पुन्हा न्हाई व्हायचं चाचा हे, परीक्षा झाली की समदी पांगणार.”

शेवटी अम्मीनं तोडगा काढला. उस्तादांनी स्टुडिओत जावं, तिथं वायर लावून ऐकावं आणि पोराला हवं ते जागेवर करून द्यावं. अम्मीला सगळं माहीत होतं, तरी तिनं हे का सुचवलं हे मला कळलं नाही. कदाचित तिला त्या पोराची दया आली असेल. तिनं दालचा-भाताचा डबा दिला, अब्बांनी कानस खिशात घातली आणि आम्ही वडापच्या जीपनं सांगलीला निघालो. तिथं लावून घ्यायला दार नव्हतं. अब्बा चार परक्या पोरांसमोर कानस चालवणार, ती पोरं ‘आता कसं वाटतंय?’ विचारणार आणि अब्बा माझ्या मानेकडं बघणार. सांगलीत आमची निम्मी गिऱ्हाइकं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

स्टुडिओ एका हळदीच्या गोदामाच्या माडीवर होता. मालकाला सगळे बापू म्हणत. भजनं आणि निवडणुकीचा प्रचार, दोन्ही तिथंच रेकॉर्ड व्हायचं. आवाज घुमू नये म्हणून त्यानं भिंतींना हळदीची रिकामी पोती लावली होती, त्यामुळे तिथून गाऊन बाहेर पडलेला माणूस पाठीकडून पिवळा असे. लग्नसराईत त्याला हळद लागली असा गैरसमज व्हायचा. मध्ये काच, काचेपलीकडं बँड, अलीकडं बापू आणि त्याचं मशीन. बापूनं धनाजीला एकदा वाजवायला लावलं, हेडफोनवर ऐकलं आणि काहीच मत दिलं नाही. हेडफोन काढून त्यानं सरळ अब्बांच्या डोक्यावर घातला.

“उस्ताद, तुमीच ऐका आन् तुमीच सांगा काय काढायचं त्ये.”

बापूचे स्वतःचे कान प्रचाराच्या भोंग्यांनी कामातून गेले होते. हेडफोनचा आवाज त्यानं त्याच्या मापानं ठेवलेला होता. चांगल्या कानाचा माणूस ओरडून उठला असता. काचेपलीकडं धनाजीनं तार छेडली आणि अब्बांचे खांदे वर गेले. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला. बोटानं खुणावलं, पुन्हा. धनाजीनं पुन्हा छेडली. मग दुसरी. मग तिसरी. सहा तारा त्यांनी एकेक करून ऐकल्या, मग सगळ्या मिळून, मग पूर्ण गाणं, ढोलताशासारख्या त्या ड्रमसकट. तोवर माझी जवारी त्यांनी फक्त दातांनी ऐकली होती. कानांनी ऐकत होते ती पहिल्यांदा. गाणं संपल्यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, कौतुकानंही नाही. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की ते कुठलं, काय घेणार, असं बघतात ना, तसं बघितलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“वाजू द्या,” ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. खिशातली कानस बाहेर निघालीच नाही.

उस्ताद वाजू द्या म्हणाले म्हटल्यावर बापूनं वाद मिटला असं जाहीर केलं. धनाजीनं रडत रडत गाणी वाजवली. पुढचे चार दिवस अब्बांनी मला आतल्या खोलीत बोलावलं नाही. तानपुरे साचत गेले. मला वाटलं, संपलं. माझा हात त्यांना आवडलेला नाही आणि आता दुकान बंद पडलं तरी ते मला बोलावणार नाहीत. मी रात्री झोपत नव्हते आणि सकाळी भोपळे पुसत होते. पाचव्या दिवशी त्यांनी दिवा उचलला आणि दाराशी उभे राहिले. मी आत गेले. काम पूर्वीसारखं सुरू झालं, फरक एवढाच की त्यानंतर त्यांनी एकाही दांडीला दात लावला नाही.

कॅसेटमध्ये आठ गाणी होती. सात प्रेमाची, आणि आठवं वीज गेल्यावरचं, ‘डीपी जळाला’. गावचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळतो, पंप बंद पडतो, वायरमन सापडत नाही, एवढीच कथा. धनाजीच्या मते ते भरतीचं गाणं होतं. कॅसेट सांगलीच्या स्टँडजवळच्या एका दुकानात ठेवली. त्या दुकानाबाहेर दर सोमवारी खडूनं फळा लिहायचे, या आठवड्याच्या पहिल्या दहा. महिनाभर आमचं नाव फळ्यावर कुठंच नाही. मग उसाचा हंगाम लागला. ज्यांनी आमच्याकडचा हंगाम बघितलेला नाही त्यांना सांगायला हवं, की ट्रॅक्टरवाला ऊस नेतो हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम टेप वाजवणं. दोन ट्रॉल्या मागं, आणि पुढं एवढाले स्पीकर, बहुतेक फाटलेले. त्या फाटक्या स्पीकरमधून दुसरी कुठलीही कॅसेट चिरकायची. आमची चिरकत नव्हती, कारण ती मुळातच गुंजत होती. स्पीकर फाटका आहे हे ‘डीपी जळाला’मध्ये कळायचंच नाही. शिवाय इंजिनाच्या आवाजातूनही तार स्पष्ट उठायची. कारखान्याच्या अड्ड्यावर शंभर ट्रॅक्टर नंबर लावून उभे, त्यातल्या साठांवर एकच गाणं. सोमवारी फळ्यावर आम्ही नववे. पुढच्या सोमवारी चौथे. मग तीन आठवडे एका लावणीच्या कॅसेटखाली दुसरे अडकून पडलो, आणि संक्रांतीच्या आसपास पहिले. कराडच्या, साताऱ्याच्या दुकानांतूनही मागणी आली. महाबळेश्वरच्या टॅक्सीवाल्यांनी नेल्या. धनाजीच्या वडिलांच्या ट्रॅक्टरवरही ती वाजायला लागली, पण गाणारा कोण हे त्यांना चैत्रापर्यंत कुणी सांगितलं नाही.

मला त्या सगळ्यात एकच दिसायचं. आमच्या दुकानापुढून ट्रॅक्टर गेला की अब्बा हातातलं काम थांबवायचे. ते ट्रॅक्टर त्यांना ऐकू यायचे. गाडी वळणापलीकडं जाईपर्यंत ते तसेच बसून राहायचे, मग पुन्हा रंधा. मी विचारलं नाही, कसं वाटतं. विचारायचं म्हणजे ओरडायला लागायचं आणि गल्ली अरुंद होती.

हंगाम संपता संपता मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस आला, धनाजीला बरोबर घेऊन. नेमके त्याच वेळी दुकानात सांगलीचे बुवा बसले होते. बुवा मोठे गवई. त्यांच्या क्लासातले सगळे तानपुरे आमचे, आणि अब्बांशिवाय कुणाला त्यांनी वाद्याला हात लावू दिला नव्हता. ते आपला तानपुरा न्यायला आले होते. ट्रॅक्टरवरचं गाणं आणि या दुकानाचा काही संबंध आहे हे कळल्यापासून त्यांचा चहा तसाच राहिला होता. कंपनीच्या माणसाला मोठा अल्बम काढायचा होता. त्यासाठी बरोबर आणलेल्या चार गिटारींना जवारी हवी होती, आणि कॅसेटच्या कव्हरवर अब्बांचा फोटो. दाढी त्याला फार आवडली. “खाली छापू, जवारी, उस्ताद दस्तगीर,” तो म्हणाला. “पूर्ण देशात जाईल.”

मी नेहमीप्रमाणे मागून खुणा करायला लागले. अब्बांनी माझ्याकडं बघितलं आणि हात वर करून मला थांबवलं.

“मोठ्यानं सांग,” ते म्हणाले. “मला ऐकायला येत न्हाई.”

हे त्यांनी बुवांसमोर, धनाजीसमोर, रस्त्यावरच्या दोघातिघांसमोर सांगितलं. मी मोठ्यानं सांगितलं. अब्बांनी ऐकून घेतलं आणि त्या माणसाला म्हणाले, “नाव हिचं छापा. जुबेदा. जवारी हिनं काढली त्या गिटारची.” मग बुवांकडं वळले. “आन् बुवा, तुमच्या तानपुऱ्यांची बी हिनंच. दोन वरसं झाली.”

धनाजी माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघत राहिला. कंपनीच्या माणसाला कव्हरवरची दाढी गेल्याचं वाईट वाटलं. बुवांनी तानपुरा मांडीवर घेतला, तारा छेडल्या, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. अब्बा त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते, कारण त्यांना तेवढंच शक्य होतं. मग बुवा मला म्हणाले, “दोन वर्षं मी शिष्यांना सांगतो आहे, की उस्तादांचा हात म्हातारपणी उजळला.” त्यांनी तानपुऱ्याला गवसणी घातली, अब्बांना नमस्कार केला आणि गेले. पुढच्या महिन्यात त्यांच्या क्लासातले तानपुरे पलीकडच्या दुकानात गेले, दांड्या चावणाऱ्याकडं. ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्या मागोमाग आणखी सात-आठ गिऱ्हाइकं गेली. अल्बम निघाला, माझं नाव आतल्या कागदावर चहावाल्याच्या आभाराच्या वर बारीक छापलेलं आहे, आणि तो साफ पडला. कंपनीनं तो चांगल्या स्पीकरवर ऐकणाऱ्यांना विकायला काढला होता. धनाजी पुढं वीज मंडळात लागला. आता माझ्या नातवानं फोनवर ‘डीपी जळाला’ शोधून काढलंय, कुणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलंय. खाली लोकांनी लिहिलंय, हा इफेक्ट कुठल्या सॉफ्टवेअरचा. नातू मला म्हणतो, तू लिही ना उत्तर. मी अजून लिहिलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं, बुवा गेल्यानंतरचं. धनाजी आणि कंपनीचा माणूस निघून गेले आणि मी अब्बांवर भडकले. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ते ओरडूनच करावं लागत असल्यामुळे सगळी गल्ली दारात आली. “का सांगितलंत? कुणी विचारलं होतं? त्या स्टुडिओत ऐकलंत तेव्हा चार दिवस मला बोलावलं नाहीत, मी चार दिवस मेले, तेव्हा काही सांगितलं नाहीत, आणि आज बुवांसमोर सांगता?”

अब्बांनी मला पूर्ण ओरडू दिलं. मग खाली बसले.

“दोन वरसं मला वाटत हुतं,” ते म्हणाले, “कानस तुझ्या हातात असली तरी हात माझाच हाय. मीच शिकिवलाय तर दुसऱ्याचा कसा आसंल. त्या दिवशी कानावर घातलं त्ये, तवा कळलं. त्यो माझा हात न्हवता. माझी जवारी अशी कवाच उघडली न्हाई.”

“मग चांगली आहे का वाईट?” मी ओरडले. गल्लीसुद्धा थांबली होती.

“चांगली हाय,” अब्बा म्हणाले. “म्हनून तर सांगितलं. वाईट असती तर माझ्याच नावावर खपिवली असती.”

मी तिथंच, रस्त्याकडं तोंड करून, हुंदके देऊन रडले. अब्बांना ते ऐकू आलं नाही, पण दिसलं. ते उठले, आणि कंपनीच्या माणसानं ठेवलेल्या चार गिटारींपैकी एक उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.